हू घराण्यातल्या तिसऱ्या मावशी

प्री-कूलिंगच्या मागं, जिथं कॉम्प्रेसर गरम उसासे टाकतो,
तिथं तिनं साडेतीन विटांचा कोनाडा रचला.
आत लाल कागद, कागदावर काळी अक्षरं,
पुढं एक उकडलेलं अंडं
आणि स्टीलच्या पेल्यात दिंडोरीची रेड वाइन, बोटभर.

गुईलान. चांगचुनहून आलेली,
आमच्या जानोरीत प्रतवारीचं मशीन बसवायला.
मशीन तासातासाला रुसायचं.
शेठ म्हणाले, सेन्सर.
ती फोनशी काही बोलली, आणि फोन
थंडगार मराठीत म्हणाला,
"घरमालकाला विचारले नाही."
घरमालक तर समोरच उभे, ढेरीवर हात ठेवून.
तिनं मान हलवली. बागेकडं बोट केलं.

"कोल्हा?" मी म्हणालो,
आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला, खराखुरा,
ग्रीसचा वास असलेला.
नाव घ्यायचं नाही. हू म्हणायचं. आडनाव आहे ते.
हू घराण्यातल्या तिसऱ्या मावशी:
कधी पिकल्या केसांची म्हातारी, कधी नवी नवरी,
कधी कारकून होऊन वहीत बसतात
आणि लबाडाचीच बेरीज चुकवतात.
मान दिला तर कणगी राखतात,
नाही दिला तर साखरेत मीठ.

पोरं हसली. शेठ तर ठसका लागेपर्यंत.
हसला नाही तो काशिराम भोये,
पेठचा, रातपाळीचा राखणदार.
"आम्ही वाघबारसला वाघाला पुजतो," म्हणाला,
"रात्री सापाला लांबडं म्हणतो.
हिची मावशी मग काय वेगळी?"
आणि डब्यातला नागलीच्या भाकरीचा तुकडा
अंड्याशेजारी ठेवला.

सकाळी अंडं नाही. पेला कोरडा.
मशीन गप गुमान चालू.
काशिरामच्या मिशीला वाइनचा वास होता,
हे मी आजवर कुणाला बोललो नाही.

पण चार नंबरच्या प्लॉटचं काय?
व्यापाऱ्यानं दोन मणी चाखून थुंकले होते:
"आंबट. लोकलला घाला, पडेल त्या भावात."
त्याच प्लॉटात, अकराव्या ओळीत,
खालच्या तारेचे घड कुणीतरी निवडून खाल्ले होते,
शेजारची ओळ सोडून, पिकलं तेवढंच.
मी रिफ्रॅक्टोमीटर डोळ्याला लावला.
एकोणीस.
परत पुसून लावला. एकोणीस.

त्या रात्री व्यापारी गेस्ट रूमवर मुक्कामी होता.
पहाटे बोंब झाली: एक बूट गायब.
उजवा.
सापडला तो कोनाड्यात, लाल कागदासमोर,
लेस अर्धी चावलेली,
आत काळजीपूर्वक ठेवलेला द्राक्षाचा एक घड.
गुईलान हसली नाही. खाली वाकून
बुटाला दोनदा नमस्कार केला.
भाव किलोला चौदा रुपयांनी वाढला.
एका बुटाचं एवढं मोल मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिसरीला असताना फळ्यावर म्हण लिहायचो,
कोल्ह्याला द्राक्षं आंबट.
बाई छडीनं एकेक अक्षर दाखवायच्या.
आता वाटतं, ही म्हण मावशींनीच गावोगाव सोडली असणार,
राखणदारांनी निवांत झोपावं म्हणून.
काकडीला राजी, ही दुसरीसुद्धा त्यांचीच.

गुईलान गेली त्या रात्री
कादवेच्या काठानं कुणीतरी लांबवर
आपलं आडनाव सांगत होतं,
हू… हू…
तिच्याकडच्या मावशी लालभडक असतात म्हणे,
आपल्या मातकट, ओढ्यातल्या गवताच्या रंगाच्या.
घराणं एकच असेल का, कोण जाणे.

सीझन संपला. क्रेटी धुवून उन्हात उलट्या घातल्या.
काल शेठ गाडीत बसता बसता थांबले,
इकडं तिकडं पाहिलं,
मग काच खाली करून हळूच विचारलं,
"अंडं ठेवलं का रे?"